नाशकात मोर्चा काढायचाय? आधी पोच घ्या

आमचा पहिला मोर्चा निघाला तो दुसऱ्या शनिवारी. बारा-तेरा वर्षं झाली असतील, सिडकोतल्या पाण्याचा प्रश्न होता, दीडशेएक बाया रिकामे हंडे डोक्यावर घेऊन, घसा फुटेस्तोवर घोषणा देत एका ऑफिसच्या गेटवर पोचलो आणि आत फक्त वॉचमन, तोपण डबा खात बसलेला. सुट्टी होती. निवेदन त्याच्याच हातात दिलं, त्याने ते दोनदा उलटसुलट बघितलं आणि डब्याखाली ठेवलं, भाजीचं तेल गळत होतं म्हणून. आता तर राज्य सरकारची ऑफिसं २०२० पासून पाच दिवसांच्या आठवड्यावर आहेत म्हणजे सगळेच शनिवार गेले, तरी दरवर्षी कोणीतरी नवीन पोरं शनिवारी बॅनर घेऊन निघतातच.

परवा भाचीने विचारलं, मावशी आम्हाला होस्टेलच्या प्रश्नावर मोर्चा काढायचाय, काय काय लागतं. तिला फोनवर तासभर सांगितलं आणि मग वाटलं लिहूनच काढू, कारण राग सगळ्यांकडे असतो हो, फाइल कोणाकडेच नसते.

पहिली गोष्ट म्हणजे कोणाच्या दारात जायचं ते ठरवा. पाणी, कचरा, रस्ते, झाडं हे महापालिकेचं, म्हणजे शरणपूर रोडला राजीव गांधी भवन. रेशन, जमीन, पीक नुकसान, वनहक्क दावे असलं सगळं कलेक्टर ऑफिसला, सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ. आश्रमशाळा आणि आदिवासी होस्टेलचा प्रश्न असेल तर गडकरी चौकातलं आदिवासी विकास भवन, अख्ख्या राज्याचं आयुक्तालय नाशकात आहे हे आपलं नशीब समजा, २०२५ च्या पावसाळ्यात आश्रमशाळांच्या रोजंदारी कर्मचाऱ्यांनी बाह्यस्रोत भरतीच्या विरोधात तिथंच बिऱ्हाड मांडलं होतं. आणि कांद्याचा विषय असेल तर निर्यातीचं सगळं दिल्लीच्या हातात असतं, २०२३ च्या ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लावलं आणि डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली, दोन्ही वेळेला लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाले, पण निवेदन शेवटी कलेक्टरमार्फत केंद्रालाच जातं. निवेदनावर "मार्फत" लिहा. नाहीतर साहेब हसून सांगतात की ताई हा विषय आमच्या अखत्यारीतला नाही, आणि ते खोटं नसतं हाच वैताग आहे.

मागण्या तीन. फार तर चार. मी अशी निवेदनं बघितलीत ज्यात गल्लीतल्या गटारापासून अमेरिकेच्या धोरणापर्यंत बावीस मागण्या असतात, वाचणाऱ्याला सोयच होते, सगळ्यात सोपी निवडायची आणि "मागण्यांवर कार्यवाही सुरू आहे" असं लिहून मोकळं व्हायचं. मागणी अशी लिहा की झाली की नाही झाली ते डोळ्याला दिसेल. "होस्टेलची दुरवस्था दूर करावी" याला काही अर्थ नाही. "मुलींच्या होस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावरचे सहा बंद नळ अमुक तारखेच्या आत चालू करावेत" याला आहे.

आता पोच. यावर मी जास्त बोलणार आहे कारण इथेच लोक मार खातात. निवेदनाच्या दोन प्रती न्यायच्या, तीन नेल्या तर अजून बरं. एक त्यांना, दुसरीवर आवक विभागाचा शिक्का, तारीख, आवक नंबर आणि घेणाऱ्याची सही. खिडकीतला माणूस म्हणतो "ठेवून जा, साहेब आले की देतो", तर ठेवून जायचं नाही. तो म्हणेल शिक्का मारणारा जेवायला गेलाय, तर बसायचं. आमची एक सत्तरीची आजी आहे, तिला आम्ही खास पोच घ्यायलाच पाठवतो, ती खिडकीसमोर पिशवी टेकवून उभी राहते आणि म्हणते "बाळा, तू जेवून घे, मी आहे इथंच." पाच मिनिटांत शिक्का येतो. एकदा एका ऑफिसात आमची पोच घ्यायची राहिली, महिन्याने विचारायला गेलो तर असं काही पत्र आलंच नाही म्हणाले, आणि आमच्याकडे दाखवायला काय होतं, तर साहेबांना निवेदन देतानाचा फोटो, त्यात आम्ही सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसतोय आणि कागदावरचं एक अक्षर वाचता येत नाही.

रस्त्यावर उतरायच्या आधी एवढं तरी केलेलं असावं: निवेदन, त्याची पोच, एक स्मरणपत्र, आणि जमलं तर माहिती अधिकाराचा अर्ज. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हा पातळीवर आणि तिसऱ्या सोमवारी तालुक्याला लोकशाही दिन असतो, तिथे वैयक्तिक तक्रार घेतात. हे सगळं कंटाळवाणं आहे मान्य, पण "आम्ही सगळे मार्ग वापरून बघितले" हे पोलिसांना, पत्रकारांना आणि वेळ आली तर कोर्टाला दाखवता यायला हवं. तपोवनातल्या झाडांचंच बघा ना, सिंहस्थ कुंभमेळ्यात साधूंना राहायच्या साधुग्रामसाठी झाडं तोडायचा विषय २०२५ च्या शेवटी निघाला तेव्हा झाडांना मिठ्या मारल्याचे फोटो सगळीकडे गेले, पण त्याचवेळी शेकडो लोकांनी महापालिकेत लेखी हरकती टाकल्या होत्या, आणि त्या हरकतींचं काय केलं हे विचारायचा हक्क त्या कागदांमुळे मिळाला. मिठी आणि हरकत दोन्ही लागतं.

हे काही आत्ताचं शहाणपण नाही. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह बाबासाहेबांच्या नेतृत्वात सुरू झाला तोसुद्धा असाच उठून नव्हता झाला, आधी सत्याग्रह समिती झाली, विश्वस्तांना कळवून झालं, मग दारांवर बसायच्या तुकड्या पाडल्या, पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ बाया. इथली रोजची बाजू दादासाहेब गायकवाडांनी सांभाळली. पाच वर्षं चाललं ते. देऊळ उघडलं नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी सांगितलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. पंचवटीत राहणाऱ्या कितीतरी पोरांना हे माहीत नसतं, देवळापुढून रोज जातात.

तर तुमचं आंदोलन एका दिवसाचं नसेल, धरणं असेल, तर तुकड्या पाडा. सगळे सगळा वेळ बसले की तिसऱ्या दिवशी मंडपात चार माणसं आणि एक कुत्रं उरतं. सकाळची तुकडी, दुपारची, रात्रीची, आणि कोण कधी येणार ते कागदावर. बायांना विचारून वेळा ठरवा, नळाला पाणी येतं त्या वेळेला कोणी येणार नाही हे कळायला आम्हाला दोन धरणी लागली.

परवानगीचं आता. संविधानाच्या कलम १९(१)(ख) मध्ये शांततेने आणि विनाशस्त्र जमायचा हक्क आहे, त्याच्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. प्रत्यक्षात नाशिक शहरात पोलीस आयुक्तांचा महाराष्ट्र पोलीस कायद्याचा ३७(१)(३) चा मनाई आदेश, म्हणजे परवानगीशिवाय जमायला, मोर्चा काढायला बंदी, सारखा लागू असतो, पंधरा पंधरा दिवसांचा, कधी सणाचं कारण, कधी आंदोलनांचंच कारण. त्यामुळे पोलिसांकडे अर्ज द्यायचा, निदान आठवडाभर आधी. तारीख, वेळ, कुठून कुठे, अंदाजे माणसं किती, गाड्या कुठे लावणार, माइक आहे का, आणि जबाबदार दोन-तीन जणांची नावं-नंबर. संख्या फुगवू नका. हजार लिहिली आणि ऐंशी आले तर पुढच्या वेळी कोणी गांभीर्याने घेत नाही, आणि पन्नास लिहून हजार आले तर अटीभंग म्हणतात. अर्जाची पोच (हो, परत तेच).

मग फोन येतो. विशेष शाखेतून, ज्यांना सगळे गोपनीयवाले म्हणतात. गोड बोलतात. "ताई किती लोक येणार, कोण कोण बोलणार, पुतळा वगैरे जाळणार नाही ना." जे अर्जात लिहिलंय तेवढंच सांगायचं, न घाबरता, न चिडता, त्यांचंही ते काम आहे. आदल्या दिवशी नोटीस येऊ शकते, सगळे तिला अजून १४९ ची नोटीसच म्हणतात पण १ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या जागी नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे बीएनएसएस आली, त्यात ते कलम १६८ झालंय. नोटीस म्हणजे अटक नाही आणि गुन्हाही नाही. वाचून, तारीख टाकून घ्यायची, एक प्रत ठेवायची.

परवानगी नाकारली तर लेखी मागा, कारणासकट. तोंडी नकाराला कोर्टात किंमत नाही. २०२० च्या फेब्रुवारीत मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने माजलगावच्या धरण्याला परवानगी नाकारल्याचा आदेश रद्द केला होता आणि एखाद्या कायद्याला शांततेने विरोध करणाऱ्यांना तेवढ्यावरून देशद्रोही म्हणता येणार नाही असं स्पष्ट म्हटलं होतं. लेखी आदेश होता म्हणूनच तो रद्द करून घेता आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीतल्या शाहीनबागच्या धरण्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून बसता येणार नाही. मला तो निकाल पटत नाही, आंदोलन कोणाला दिसलंच नाही तर करायचं कशाला, पण प्लॅन करताना तो धरूनच चालावं लागतं. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळात जनसुरक्षा कायदा (सरकारला एखादी संघटना बेकायदा ठरवता येते तो) मंजूर झाल्यापासून तर आपल्या लोकांमध्ये धाकधूक आहेच, उगाच नाही. म्हणूनच म्हणते, कागद स्वच्छ ठेवा, कोणाच्याही नावाने काहीही छापू नका, पत्रकाखाली कोणी काढलं ते लिहा.

रूटचं सांगायचं तर सोपा रूट म्हणजे शालिमारजवळच्या भालेकर मैदानावर जमायचं आणि तिथून सीबीएस करत कलेक्टर ऑफिस. अंतर कमी, म्हाताऱ्या माणसांना जमतं, सिटी बस आणि एसटी दोन्ही जवळ. गोल्फ क्लबवरून मोठे मोर्चे निघतात पण दोनशे माणसं त्या मैदानावर उभी केली की फोटोत सकाळी फिरायला आलेल्या ग्रुपसारखी दिसतात. लहान मोर्च्याला लहान जागा घ्या. कलेक्टर ऑफिसला कोर्ट खेटूनच आहे आणि कोर्ट, दवाखाना, शाळा यांच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असू शकतं, तिथे भोंगा लावलात तर विषय तुमचा राहत नाही, आवाजाचा होतो. ढोल-हलगी वाजवायची ती आधी वाजवून घ्या, गेटवर तोंडाने घोषणा पुरे.

काठ्या नकोत. झेंड्याला जाड दांडा लावला की तो फोटोत लाठी दिसतो, पुठ्ठ्याचे फलक दोरीने गळ्यात अडकवा, हात मोकळे राहतात आणि पाण्याची बाटली धरता येते. दर वीस माणसांमागे एक जण दंडाला पट्टी बांधून, त्याने घोषणा द्यायच्या नाहीत, फक्त माणसं मोजायची. खरंच मोजायची. निघताना किती, पोचल्यावर किती. ॲम्ब्युलन्स आली की वाट कोण करणार ते आधीच ठरवा. खायला गूळ-शेंगदाणे, चिवडा, लिंबूसरबत केलं तर मीठ विसरू नका. आणि बायांच्या बाथरूमचं काय, हा प्रश्न मीटिंगमध्ये पुरुष कधीच काढत नाहीत, सीबीएसला स्टँडवर सोय आहे, मोर्च्याच्या आदल्या दिवशी चालू आहे का बघून या.

घोषणांवरून माझं दरवेळी भांडण होतं. अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर द्यायचा हा प्रकार आपल्याकडे सगळ्या पक्षांचे लोक करतात आणि टीव्हीवाले आवडीने दाखवतात. मी विचारते, बांगड्या म्हणजे नेभळटपणा असं कोणी ठरवलं, हंडे घेऊन आलेल्या बाया कोण आहेत मग? एका मीटिंगमध्ये एक दादा हातात हिरव्या बांगड्यांचं पुडकं घेऊनच आले होते, मी म्हटलं द्या इकडे, आणि तिथल्या तिथे आमच्या पोरींना वाटून टाकल्या. त्यानंतर परत विषय नाही निघाला. तसंच कोणाच्या जातीवरून, रंगावरून, अपंगत्वावरून घोषणा नको. शाई फेकणं नको. आत्मदहनाचा इशारा तर अजिबात नको, नव्या भारतीय न्याय संहितेत सरकारी नोकराला भाग पाडायला आत्महत्येचा प्रयत्न करणं हा कलम २२६ खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत शिक्षा, आणि कायदा राहू द्या बाजूला, एखादा पोरगा रॉकेलची बाटली खरंच ओततो हो.

रेल रोकोचा शौक असणाऱ्यांना एवढंच की रेल्वे कायद्याचं कलम १७४, दोन वर्षांपर्यंत. ज्यांना करायचं ते विचार करून करतात, १९८० ला शरद जोशींच्या कांदा-ऊस आंदोलनात याच जिल्ह्यात लोक रुळावर बसले होते, पण ते तुरुंगात जायच्या तयारीने बसले होते. रील काढायला नव्हे.

आता पकडलं तर. "ताब्यात घेणं" आणि "अटक" यात फरक आहे. बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ६८ खाली व्हॅनमध्ये घालतात, कुठल्यातरी पोलीस स्टेशनला किंवा हॉलमध्ये बसवतात, चहा येतो, नावं लिहितात, संध्याकाळी ६९ खाली सोडतात. बीएनएसएसच्या १७० खाली प्रतिबंधात्मक अटक होऊ शकते, तीपण एरवी २४ तासांच्या वर नाही. खरी अटक झाली तर कारण सांगावं लागतं, घरच्याला कळवावं लागतं, वकिलाला भेटू द्यावं लागतं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही, अगदी अपवाद असेल तर महिला पोलीस आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते. कोऱ्या कागदावर सही नाही. मराठी येत नसलेला कोणी असेल तर त्याला वाचून दाखवल्याशिवाय सही नाही. वकिलाचा नंबर मोबाइलमध्ये ठेवून उपयोग नाही, मोबाइल पहिला जातो, मनगटावर पेनने लिहा. वकील परवडत नसेल तर जिल्हा कोर्टातच विधी सेवा प्राधिकरण आहे, १५१०० हा नंबर फुकट आहे, कोठडीतल्या माणसाला आणि बायांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

आणि बाहेर एक जण पाहिजे, जो मोर्च्यात अजिबात येत नाही. त्याच्याकडे सगळ्यांची यादी, घरचे नंबर, कोणाला बीपी-शुगरच्या गोळ्या लागतात ते. एकदा आम्हाला तेवीस जणांना उचललं, रात्री आठला सोडलं, सगळे भुकेले, भद्रकालीत भजी खात बसलो आणि तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं की एक पोरगं नाहीच. वेगळ्या व्हॅनमध्ये गेलं होतं, वेगळ्या स्टेशनला, एकोणीस वर्षांचं, एकटं बसलेलं बाकावर. आम्ही पोचलो तेव्हा ते म्हणालं "मला वाटलं तुम्ही गेलात घरी." मला अजून ते वाक्य झोपेत ऐकू येतं. दंडाला पट्टी आणि माणसं मोजायची पद्धत त्या दिवसापासूनची.

जी पोरं पोलीस भरती किंवा एमपीएससी करतायत त्यांना पुढच्या रांगेत उभं करू नका, एक केस लागली की चारित्र्य पडताळणीला वर्षानुवर्षं कागद नाचवावे लागतात. त्यांना निवेदन लिहायला, आकडे काढायला बसवा, ते काम तेच चांगलं करतात. मोबाइलचं लॉक बोटाचं नको, आकड्यांचं ठेवा. फोटोत लहान मुलांचे चेहरे नकोत. ग्रुपवर आलेलं "अमुक ठिकाणी लाठीचार्ज झाला" हे तिथल्या माणसाला फोन केल्याशिवाय पुढे पाठवायचं नाही, बस.

शेवटी शिष्टमंडळ आत जातं. पाच जण, त्यात निदान दोन बाया आणि एक जण ज्याचा प्रश्न आहे तो, आमच्यासारखे कायमचे कार्यकर्ते कमी. आत चहा पिऊ नका असं काही म्हणतात, मी पिते, पण बाहेर येताना हातात कागद पाहिजे. तोंडी आश्वासन बाहेर आल्यावर माइकवर चांगलं वाटतं आणि चार दिवसांत विरतं. ६ मार्च २०१८ ला सीबीएस चौकातून किसान सभेचा लाँग मार्च निघाला, मुंबईपर्यंत १८० किलोमीटर, वनहक्काच्या जमिनी आणि कर्जमाफीसाठी, पायाची सालटी निघालेली म्हातारी माणसं आणि तुटक्या चपला सगळ्या देशाने बघितल्या, दहावीच्या पोरांचा पेपर चुकू नये म्हणून शेवटचा टप्पा ते सायनवरून रात्रीच चालत आझाद मैदानावर गेले. १२ मार्चला लेखी आश्वासन मिळालं. लेखी! तरी पुढच्या वर्षी, २०१९ च्या फेब्रुवारीत परत निघावं लागलं, आणि २०२३ च्या मार्चमध्ये दिंडोरीवरून परत. म्हणजे लेखी असूनही ही गत, तर तोंडीचं काय घेऊन बसलात. कागदावर प्रत्येक मागणीपुढे तारीख आणि कोणता अधिकारी करणार ते लिहून घ्या, त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी स्मरणपत्र टाका, आणि मोर्च्याला आलेल्या प्रत्येक बाईला काय झालं ते फोन करून सांगा, नाही झालं तर नाही झालं म्हणून सांगा. ती पुढच्या वेळी यायची की नाही हे त्या फोनवर असतं.

बॅनर फ्लेक्सचा करू नका, दोनशे-तीनशे रुपये जातात आणि तारीख छापली की रद्दी. आमच्याकडे लाल कापडाचा एक आहे, तारखेची जागा कोरी सोडलीय, तिथे कागद पिनेने लावायचा. नऊ वर्षं चालतोय. भाचीला दिलाय सध्या, त्यानंतर कोणाला हवा असेल तर सांगा, फक्त धुऊन परत आणा, मागच्यांनी सरबत सांडून तसाच दिला होता.